विकसन सेटिंग (आशय व्यवस्थापन प्रणाली)

विकसन सेटिंग म्हणजे आशय व्यवस्थापन प्रणालीवर उभारलेले संकेतस्थळ घडवताना, दुरुस्त करताना किंवा तपासताना त्या प्रणालीच्या वर्तनात तात्पुरते केलेले बदल होत. चुकांचे संदेश पडद्यावर किंवा नोंदवहीत उमटू देणे, पानांच्या साठवलेल्या प्रती (कॅशे) न वापरणे, शैलीपत्रके व स्क्रिप्ट संक्षिप्त न करता मूळ स्वरूपात पाठवणे, डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची नोंद ठेवणे, बाहेर जाणारी ईमेल अडवून धरणे, ही त्यांतील प्रमुख कामे. वर्डप्रेस, ड्रूपल, जूमला आणि मीडियाविकी या चारही प्रचलित प्रणालींत अशी सोय आहे. प्रत्येकीची रीत मात्र वेगळी आहे.

वाचकाला दिसणाऱ्या संकेतस्थळाच्या गरजा आणि ते घडवणाऱ्याच्या गरजा परस्परविरोधी असतात. वाचकाला पान झटपट हवे असते, म्हणून प्रणाली एकदा तयार झालेले पान साठवून ठेवते आणि पुढच्या वाचकास तीच प्रत देते. घडवणाऱ्याला आपण आत्ताच केलेला बदल पाहायचा असतो, त्यामुळे तीच प्रत त्याच्या वाटेत येते. चुकीच्या संदेशाचेही असेच आहे. आज्ञावलीची कोणती फाइल कोणत्या ओळीवर अडखळली हे विकसकाला कळलेच पाहिजे. तीच माहिती परक्याच्या हाती पडली तर तिचा उपयोग घरफोडीच्या नकाशासारखा होतो. विकसन सेटिंग चालू राहिलेले संकेतस्थळ वरवर पाहता नीट चालते, फार तर थोडे मंद वाटते. म्हणून ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही.

या लेखात आज्ञावलीतील चलांची व फाइलींची नावे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीतच लिहावी लागतात. वर्डप्रेस व ड्रूपल यांत लहान-मोठ्या लिपीचा भेदही पाळावा लागतो.

संज्ञा

इंग्रजीतील 'कॉन्फिगरेशन' या शब्दासाठी मराठीत 'संरूपण' हा पारिभाषिक शब्द सुचवला गेला असला, तरी संगणकावर व भ्रमणध्वनीवर 'सेटिंग' हाच शब्द सर्वत्र रुळला आहे. येथे तोच वापरला आहे. संकेतस्थळ ज्या ठिकाणी व ज्या अवस्थेत चालते तिला 'परिसर' म्हटले आहे. विकसकाच्या स्वतःच्या संगणकावरचा स्थानिक परिसर, सहकाऱ्यांना दाखवण्यासाठी ठेवलेला चाचणी परिसर आणि लोकांसाठी खुला असलेला प्रत्यक्ष परिसर, असे त्याचे ढोबळ प्रकार पडतात. 'डीबग' या शब्दासाठी 'दोषशोधन' असा शब्द योजता येतो.

उदाहरणासाठी घेतलेले संकेतस्थळ

पुढील विवेचन समजण्यास सोपे जावे म्हणून एक कल्पित संकेतस्थळ गृहीत धरले आहे. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील रेवस हे धरमतर खाडीच्या मुखाजवळचे बंदर आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येथे प्रवासी लाँच येतात, आणि खाडीपलीकडे उरण तालुक्यातील करंजा आहे. या लाँचचे वेळापत्रक, भाडे आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची सूचना देणारे एक लहान मराठी संकेतस्थळ कोणी उभारले आहे, असे समजू. अशा स्थळाची सारी किंमत त्याच्या ताजेपणात असते. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा या मार्गावरील नेहमीच्या प्रवासी बोटी बंद होतात आणि अलिबागकडचा प्रवासी अन्य मार्ग शोधू लागतो. त्या दिवसांत 'सकाळची फेरी रद्द' ही सूचना संपादकाने लिहिली, पण वाचकाला कालचेच साठवलेले पान दिसत राहिले, तर त्याला धक्क्यावर ताटकळत राहावे लागते. उलट, 'साठवण नकोच' म्हणून ती प्रत्यक्ष परिसरात कायमची बंद केली, तर वादळाच्या इशाऱ्याच्या दिवशी एकाच वेळी शेकडो लोक पान उघडू लागताच स्वस्त भाड्याचा सर्व्हर कोलमडतो. साठवण चालू ठेवून बदल होताच तेवढेच पान नव्याने तयार करवणे हा यावरचा योग्य उपाय आहे, आणि तो विकसनाच्या काळातच तपासून पाहावा लागतो.

वर्डप्रेस

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली. मराठी विकिपीडियाची सुरुवातही त्याच महिन्यात, १ मे २००३ रोजी झाली होती. वर्डप्रेसची विकसन सेटिंग प्रामुख्याने 'डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी' या एकाच फाइलीत असतात. ही फाइल संकेतस्थळाच्या मुळाशी असते. तिच्यात डेटाबेसचे नाव, वापरकर्ता व परवलीचा शब्द उघड लिहिलेला असतो. फाइलीच्या उत्तरार्धात 'येथून पुढे संपादन करू नका' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ असते. आपली स्थिरमूल्ये त्या ओळीच्या वर लिहावी लागतात. खाली लिहिल्यास प्रणाली तोवर सुरू झालेली असते, त्यामुळे त्यांचा परिणाम होत नाही.

दोषशोधनाचा मुख्य कळबटण 'डब्ल्यूपी_डीबग' हे स्थिरमूल्य होय. ते 'ट्रू' केले की पीएचपीच्या सर्व चुका, इशारे आणि कालबाह्य झालेल्या आज्ञांच्या सूचना दिसू लागतात. या मूल्याभोवती अवतरणचिन्हे घालू नयेत. 'फॉल्स' हा शब्द अवतरणात लिहिला तर पीएचपी त्याला अक्षरांची माळ समजते, आणि रिकामी नसलेली माळ तिच्या लेखी 'सत्य' असते. परिणामी बंद करायला गेलेले दोषशोधन चालूच राहते. नवख्यांच्या हातून ही चूक वारंवार घडते, आणि फाइल कितीही वेळा वाचली तरी ती डोळ्यांना दिसत नाही.

केवळ 'डब्ल्यूपी_डीबग' चालू केल्यास चुका थेट पानावर उमटतात, कारण 'डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले' हे दुसरे मूल्य मुळातच 'ट्रू' गृहीत धरलेले असते. म्हणून ते 'फॉल्स' करून 'डब्ल्यूपी_डीबग_लॉग' हे तिसरे मूल्य 'ट्रू' करण्याची पद्धत आहे. मग संदेश पानावर न येता 'डब्ल्यूपी-कंटेंट' या फोल्डरातील 'डीबग.लॉग' या फाइलीत साठतात. मात्र ही फाइल अनेक सर्व्हरांवर ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून कोणालाही वाचता येते. २०१९ मधील ५.१ या आवृत्तीपासून 'डब्ल्यूपी_डीबग_लॉग'ला 'ट्रू'ऐवजी फाइलीचा मार्ग देता येतो. तो संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डराबाहेरचा द्यावा, हे उत्तम.

ही भीती केवळ पुस्तकी नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये 'लाइटस्पीड कॅशे' या प्लगइनातील असाच एक दोष उघडकीस आला (सीव्हीई-२०२४-४४०००). तेव्हा हे प्लगइन पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर होते. त्याचे स्वतःचे दोषशोधन चालू केल्यास ते सर्व्हरकडून गेलेली शीर्षके नोंदवहीत लिहीत असे, आणि त्यांत नुकत्याच प्रवेश केलेल्या वापरकर्त्यांच्या कुकीही येत. नोंदवही सर्वांना ठाऊक असलेल्या जागी होती. ती उघडून व्यवस्थापकाची कुकी उचलली की परवलीचा शब्द न जाणताही संकेतस्थळाचा ताबा घेता येत होता. दोषशोधन पूर्वी कधी एकदा चालू करून बंद केले असेल आणि जुनी नोंदवही पुसली नसेल, तरीही हा धोका शिल्लक राहत होता. ६.५.०.१ या आवृत्तीत नोंदवही वेगळ्या फोल्डरात हलवण्यात आली, तिच्या नावात यादृच्छिक अक्षरे घालण्यात आली आणि कुकी नोंदवणे थांबवण्यात आले. जुनी फाइल मात्र ज्याची त्याला हाताने पुसावी लागली.

ऑगस्ट २०२० मधील ५.५ या आवृत्तीत 'डब्ल्यूपी_एन्व्हायर्नमेंट_टाइप' हे मूल्य आले. स्थानिक, विकसन, चाचणी आणि प्रत्यक्ष या अर्थांची चारच मूल्ये ते स्वीकारते. काहीच न लिहिल्यास संकेतस्थळ 'प्रत्यक्ष' मानले जाते. विसरभोळ्या माणसाच्या हातून कमीत कमी नुकसान व्हावे, या दृष्टीने हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. प्लगइन लिहिणारे हे मूल्य वाचून, उदाहरणार्थ, चाचणी परिसरात भाड्याच्या पैशांचा खरा व्यवहार होऊ देत नाहीत. ऑगस्ट २०२३ मधील ६.३ आवृत्तीत 'डब्ल्यूपी_डेव्हलपमेंट_मोड' हे आणखी एक मूल्य मिळाले. आपण प्रणालीचा गाभा, प्लगइन, थीम की सर्व काही घडवत आहोत, हे त्यातून सांगता येते. 'थीम' असे सांगितल्यास थीमच्या जेसन फाइलीची साठवलेली प्रत वापरली जात नाही आणि रंग किंवा अक्षराचा आकार बदलताच तो दिसतो. ही दोन मूल्ये नावाने जवळची असली तरी त्यांची कामे भिन्न आहेत. पहिले संकेतस्थळ कोठे आहे ते सांगते, दुसरे त्यावर काय चालले आहे ते सांगते.

'स्क्रिप्ट_डीबग' हे मूल्य गाभ्यातील स्क्रिप्ट व शैलीपत्रकांच्या संक्षिप्त प्रतींऐवजी मूळ प्रती पाठवते. 'सेव्हक्वेरीज' हे डेटाबेसला गेलेला प्रत्येक प्रश्न, त्याला लागलेला वेळ आणि तो कोणी विचारला हे स्मृतीत ठेवते. त्यामुळे पान मंदावते, म्हणून काम होताच ते काढावे. 'डिसअलाउ_फाइल_एडिट' मात्र उलट दिशेचे आहे. व्यवस्थापनाच्या पडद्यावरून थीम व प्लगइनच्या फाइली बदलण्याची सोय ते काढून घेते, आणि प्रत्यक्ष परिसरात ते असणे हिताचे असते.

मे २०१९ मधील ५.२ आवृत्तीपासून घातक चूक झाल्यास वर्डप्रेस वाचकाला 'या संकेतस्थळावर गंभीर अडचण आली आहे' अशा आशयाचा साधा संदेश दाखवते आणि व्यवस्थापकाला ईमेलने दुरुस्तीचा दुवा पाठवते. स्थानिक परिसरात ईमेल बाहेर जात नसेल तर हा दुवा येत नाही, आणि विकसक कोऱ्या संदेशाकडे पाहत बसतो. अशा वेळी नोंदवही उघडणे हाच मार्ग.

ड्रूपल

ड्रूपलच्या ८ व्या आवृत्तीपासून (नोव्हेंबर २०१५) विकसन सेटिंगसाठी स्वतंत्र फाइल ठेवण्याची रीत रूढ झाली. 'साइट्स' या फोल्डरात 'एक्झाम्पल.सेटिंग्ज.लोकल.पीएचपी' नावाचा नमुना येतो. त्याची प्रत 'साइट्स/डिफॉल्ट' मध्ये 'सेटिंग्ज.लोकल.पीएचपी' या नावाने ठेवायची, आणि मुख्य 'सेटिंग्ज.पीएचपी' फाइलीच्या तळाशी टिप्पणीत झाकलेल्या ओळी उघड्या करायच्या. त्या ओळी स्थानिक फाइल असेल तरच ती वाचतात. त्यामुळे मुख्य फाइल सर्व परिसरांत एकच राहते आणि स्थानिक फाइल आवृत्ती-नोंदीत (गिटमध्ये) न घालता प्रत्येकाच्या संगणकापुरती राहते. वर्डप्रेसमध्ये ही शिस्त विकसकाला स्वतः लावून घ्यावी लागते, ड्रूपलमध्ये ती आयती मिळते.

पहिली अडचण बहुधा फाइल लिहिता न येण्याची असते. ड्रूपल स्थापनेनंतर 'डिफॉल्ट' फोल्डर व 'सेटिंग्ज.पीएचपी' केवळ वाचनासाठी खुले ठेवते. प्रथम लेखनाची परवानगी द्यावी लागते. स्थानिक फाइलीतील एक सेटिंग ही परवानगी पुन्हा काढून घेण्याचे काम तेवढ्यापुरते थांबवते.

स्थानिक फाइल 'डेव्हलपमेंट.सर्व्हिसेस.यमल' या दुसऱ्या फाइलीस बोलावते. तिच्यात 'नल' म्हणजे काहीच न साठवणारी साठवण-सेवा नोंदवलेली असते. पाने, पानांचे घटक व गतिमान पाने यांच्या साठवणी तिच्याकडे वळवल्या की प्रत्येक भेटीला पान नव्याने तयार होते. ट्विग या साचा-भाषेचे दोषशोधन चालू केल्यास पानाच्या एचटीएमएलमध्ये टिप्पण्या येतात आणि कोणता भाग कोणत्या साच्यातून आला व त्याऐवजी कोणत्या नावाचा साचा ठेवता येईल हे कळते. थीम घडवणाऱ्याला याहून उपयुक्त साधन नाही. यमल फाइलीत ओळींचा आत सरकलेला अंश रिकाम्या जागांनीच द्यावा लागतो. टॅबची कळ दाबल्यास फाइल वाचली जात नाही आणि सारे संकेतस्थळ बंद पडते.

जून २०२३ मधील १०.१ आवृत्तीपासून यांतील दोन गोष्टी, म्हणजे ट्विगचे दोषशोधन आणि साठवण बंद करणे, व्यवस्थापनाच्या 'विकसन सेटिंग' या पानावरून टिचकी मारून करता येतात. या निवडी निर्यात होणाऱ्या संरूपणात न जाता त्या संकेतस्थळाच्या अंतर्गत स्थितीत साठतात, त्यामुळे चुकून प्रत्यक्ष परिसरात वाहून जात नाहीत. मात्र डेटाबेसची संपूर्ण प्रत हलवली तर त्याही सोबत जातात.

चुका किती सविस्तर दाखवायच्या हे ड्रूपलमध्ये चार पायऱ्यांत ठरते. काहीच नाही, चुका व इशारे, सर्व संदेश, आणि मागोव्यासह सर्व संदेश, अशा त्या पायऱ्या आहेत. प्रत्यक्ष परिसरात पहिलीच पायरी असावी. स्थानिक फाइलीत शेवटची लिहिलेली असते आणि ती पडद्यावरील निवडीवर मात करते. पडद्यावर 'काहीच नाही' निवडूनही संदेश दिसत राहिल्यास कारण तेथे शोधावे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये ड्रूपलचे 'ड्रूपलकॉन एशिया' हे संमेलन मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले. आशियातील त्या मालिकेतले ते पहिलेच होते. भारत सरकारचे 'मायगव्ह' हे लोकसहभागाचे संकेतस्थळही ड्रूपलवर उभारलेले आहे.

मीडियाविकी आणि मराठी विकिपीडिया

विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिची सेटिंग 'लोकलसेटिंग्ज.पीएचपी' या फाइलीत असतात. तिच्या शेवटी प्रणालीसोबत येणारी 'डेव्हलपमेंटसेटिंग्ज.पीएचपी' ही फाइल बोलावली की विकसकाला लागणारी बहुतेक सेटिंग एकदम चालू होतात. त्यांतील 'डब्ल्यूजी-शो-एक्सेप्शन-डिटेल्स' हे चल अपवादाचा पूर्ण तपशील दाखवते. ते बंद असताना वाचकाला फक्त एक लांबलचक कूटक्रमांक दिसतो. तो क्रमांक टिपून कळवल्यास व्यवस्थापक नोंदवहीत नेमकी चूक शोधू शकतात. म्हणून विकिपीडियावर असे पान आल्यास तो क्रमांक जपून ठेवावा.

मराठी विकिपीडियासह विकिमीडिया प्रकल्पांची सेटिंग एकाच सामाईक भांडारात ठेवलेली असतात, आणि त्यांत मराठी विकिपीडियाची ओळख 'एमआरविकी' या नावाने होते. परवलीचे शब्द व गुप्त किल्ल्या तेवढ्या वेगळ्या ठेवून उरलेले सारे भांडार सर्वांना वाचण्यास खुले आहे. नामविश्वांची नावे, बोधचिन्ह, सदस्यगटांचे अधिकार, स्थानिक वेळ अशा गोष्टी त्यातून ठरतात. चर्चापानांवर सहीपुढे भारतीय प्रमाणवेळ उमटते ती यामुळेच. डेटाबेसात मात्र वेळ जागतिक समन्वित वेळेनुसार, म्हणजे साडेपाच तास मागे साठते. सेटिंग बदलायचे असल्यास आधी स्थानिक समुदायात चर्चा करून सहमती मिळवावी लागते. नंतर 'फॅब्रिकेटर' या कार्यनोंद-स्थळावर मागणी नोंदवली जाते, आणि बदल 'गेरिट' या परीक्षण-स्थळावर तपासला जातो. प्रत्यक्ष लागू करण्यापूर्वी तो मोजक्या दोषशोधन-सर्व्हरांवर ठेवतात. ब्राउझरमधून 'एक्स-विकिमीडिया-डीबग' हे विशेष शीर्षक पाठवणाऱ्यालाच तो दिसतो, बाकीच्या वाचकांना नाही. एकट्याने घरबसल्या केलेल्या संकेतस्थळाला ही सारी शिस्त झेपणार नाही, परंतु 'आधी थोड्यांना, मग सर्वांना' हा तिचा गाभा लहान स्थळालाही उचलता येतो.

अनुवादकांसाठी मीडियाविकीत एक सुंदर सोय आहे. कोणत्याही पानाच्या पत्त्यास 'यूजलँग' या प्राचलात 'क्यूक्यूएक्स' हे भाषानाम जोडल्यास मराठी शब्दांऐवजी त्या त्या संदेशाचे अंतर्गत नाव दिसते. मग एखाद्या बटणावरील अवघडलेला मराठी शब्द 'ट्रान्सलेटविकी' या स्थळावर नेमका शोधून सुधारता येतो. जूमलातही 'डीबग लँग्वेज' हे सेटिंग चालू केल्यावर अनुवादित शब्दांभोवती तारकाचिन्हे आणि अनुवाद न सापडलेल्या शब्दांभोवती प्रश्नचिन्हे येतात. दोषशोधन ही केवळ प्रोग्रामरची बाब नाही, भाषेचे काम करणाऱ्यांनाही तिचा उपयोग आहे, हे या दोन सोयींवरून दिसते.

मराठी आशयाच्या विशेष अडचणी

देवनागरी अक्षर यूटीएफ-८ या संकेतनात ३ बाइट घेते. बहुतेक मार्गदर्शिका इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. त्यामुळे या एका वस्तुस्थितीतून उद्भवणाऱ्या अडचणी त्यांत क्वचितच आढळतात. त्या स्थानिक परिसरात मराठी मजकूर घालून आधीच तपासाव्यात. 'टेस्ट पेज' असे इंग्रजी शीर्षक देऊन केलेली चाचणी मराठी संकेतस्थळाला निरुपयोगी आहे.

पहिली अडचण पानाच्या पत्त्याची. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्त्याचा अंश (स्लग) तयार करते आणि त्यातील देवनागरी अक्षरांचे टक्केचिन्हयुक्त संकेतनात रूपांतर करते. प्रत्येक बाइटला ३ चिन्हे, म्हणजे एका अक्षरघटकाला ९ चिन्हे लागतात. काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र घटक धरले जातात. डेटाबेसातील रकाना २०० चिन्हांचा आहे, म्हणून जेमतेम २२ घटक मावतात. आपल्या कल्पित संकेतस्थळावर 'रेवस करंजा' या शीर्षकाचा अंश ८२ चिन्हांचा होतो आणि निभावतो. 'रेवस ते भाऊचा धक्का प्रवासी बोटींचे वेळापत्रक' हे शीर्षक दिल्यास मात्र पत्ता 'रेवस-ते-भाऊचा-धक्का-प्रवा' येथेच तुटतो. तोवर १९३ चिन्हे झालेली असतात आणि 'स' साठी लागणारी ९ चिन्हे उरत नाहीत. पुढे 'रेवस ते भाऊचा धक्का प्रवासी भाडे' असे दुसरे पान केले, तर त्याचाही अंश नेमका तेथेच तुटतो. दोहोंत भेद राहावा म्हणून प्रणाली त्यापुढे उपरेषा आणि २ हा अंक जोडते. वेळापत्रक कोणते व भाडे कोणते, हे पत्त्यावरून कळत नाही. यावर उपाय म्हणजे अंश हाताने आखूड करणे, रोमन लिपीत देणे किंवा पत्त्यात लेखाचा क्रमांक वापरणे. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर नोंदींचे पत्ते अंकांतच असतात. पत्त्याची पद्धत संकेतस्थळ खुले होण्यापूर्वी ठरवावी. नंतर बदलल्यास इतरांनी दिलेले जुने दुवे तुटतात.

दुसरी अडचण प्रत हलवतानाची. स्थानिक परिसराचा पत्ता डेटाबेसात जागोजागी लिहिलेला असतो. प्रत्यक्ष परिसरात नेताना तो बदलावा लागतो. अनेक सेटिंग पीएचपीच्या क्रमबद्ध स्वरूपात साठतात, आणि त्यांत प्रत्येक मजकुरापूर्वी त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. 'रेवस' या शब्दाची लांबी तेथे ४ नसून १२ असते. मजकूर संपादकात फाइल उघडून 'शोधा व बदला' केले, तर मजकूर बदलतो पण आकडा जुनाच राहतो, आणि ते सेटिंग वाचताच येत नाही. पार्श्वपट्टीतील घटक अचानक नाहीसे झाले, तर बहुधा हेच घडलेले असते. 'डब्ल्यूपी-सीएलआय' या आज्ञा-साधनातील शोध-बदल ही आज्ञा लांबीही दुरुस्त करते.

संकेतन जुळले नाही तर मराठी मजकूर बिघडतो. तो दोन प्रकारे बिघडतो आणि त्यांतला फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. मजकुराच्या जागी परकी, स्वरचिन्हे असलेली रोमन अक्षरे दिसत असतील, तर मूळ बाइट सामान्यतः शाबूत असतात. वाचण्याचे संकेतन सुधारल्यास मजकूर परत येतो. केवळ प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसत असतील, आणि त्या डेटाबेसातच तशा साठलेल्या असतील, तर मूळ मजकूर नष्ट झालेला आहे आणि जुन्या प्रतीखेरीज तो मिळणार नाही. एप्रिल २०१५ मधील ४.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस 'यूटीएफ८एमबी४' हे संकेतन वापरते. देवनागरीला आधीचे तीन बाइटांचे संकेतन पुरत होते, चार बाइटांची गरज भावचिन्हांसारख्या अक्षरांना लागते.

विंडोजवर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथे फाइलींच्या नावांत लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद पाळला जात नाही, लिनक्स सर्व्हरवर तो पाळला जातो. घरी दिसणारे बंदराचे छायाचित्र सर्व्हरवर दिसेनासे होते, ते यामुळे.

सुरक्षा व कायदा

'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलीत बदल करण्यापूर्वी तिची प्रत ठेवणे ही चांगली सवय आहे. परंतु तिला '.ओल्ड' किंवा '.बॅक' असे अंत्यनाम देऊन त्याच फोल्डरात ठेवणे घातक आहे. 'पीएचपी' अंत्यनाम गेल्यावर सर्व्हर ती फाइल आज्ञावली म्हणून न चालवता साधा मजकूर म्हणून वाचकाला देऊन टाकतो, आणि डेटाबेसचा परवलीचा शब्द जगजाहीर होतो. अशा नावांच्या फाइली शोधत फिरणारी स्वयंचलित साधने सतत कार्यरत असतात.

प्रत्यक्ष डेटाबेसची प्रत विकसकाच्या संगणकावर आणताना त्यातील खऱ्या माणसांची नावे, ईमेल व दूरध्वनी क्रमांकही येतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अशा माहितीच्या सुरक्षेची जबाबदारी ती हाताळणाऱ्या संस्थेवर आहे. सुरक्षेच्या वाजवी उपाययोजनांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. म्हणून प्रत घेताना वैयक्तिक तपशील पुसून किंवा बदलून घ्यावेत. बाहेर जाणारी ईमेल अडवणारे सेटिंगही तेव्हाच लावावे. अन्यथा चाचणीसाठी लिहिलेली 'फेरी रद्द' ही सूचना खऱ्या प्रवाशांच्या हाती पडते.

'सर्ट-इन' या भारत सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि प्रणालींच्या नोंदवह्या १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. येथे अभिप्रेत असलेल्या नोंदवह्या सर्व्हरच्या होत. दोषशोधनाची नोंदवही 'कायद्याने जपायची' म्हणून उघड्या फोल्डरात पडू देणे हा त्याचा विपर्यास ठरेल.

शासकीय संकेतस्थळांबाबत वेगळा मार्गही अवलंबला गेला आहे. रायगडसह अनेक जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस३वास' या सामाईक व्यवस्थेवर चालतात. तीत जिल्हा कार्यालयातील कर्मचारी मजकूर, छायाचित्रे व सूचना भरतात. विकसन सेटिंग त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, ती केंद्रीय चमूच्या हाती असतात. त्यामुळे स्थानिक गरजेप्रमाणे काही वेगळे करण्याची मुभा कमी होते, आणि दोषशोधन चालू राहून जाण्याचा धोकाही कमी होतो. ज्या कार्यालयात एकही तंत्रज्ञ नाही, तेथे हा सौदा फायद्याचाच आहे.

संकेतस्थळ खुले करताना

विकसन सेटिंग बंद करणे हे खुले करण्याच्या कामातील शेवटचे व सर्वाधिक विसरले जाणारे पाऊल आहे. दोषशोधनाची मूल्ये काढणे, जुनी नोंदवही पुसणे, साठवण पुन्हा चालू करून एकदा रिकामी करणे आणि प्रवेश न केलेल्या वेगळ्या ब्राउझरातून पान पाहणे एवढे तरी करावे. व्यवस्थापकाला बहुधा न साठवलेले ताजे पान दिसते, म्हणून त्याने स्वतःच्या खात्यातून केलेल्या तपासणीवर विसंबता येत नाही.

वर्डप्रेसमध्ये 'वाचन' सेटिंगखाली शोधयंत्रांना परावृत्त करण्याची एक चौकट असते. अर्धवट पाने गूगलमध्ये येऊ नयेत म्हणून विकसनाच्या काळात तिच्यात खूण करतात. ती खूण तशीच राहिली तर संकेतस्थळ सुरळीत चालते, ज्याला पत्ता ठाऊक आहे त्याला ते दिसते, पण शोध घेणाऱ्याला सापडत नाही. महिनाभराने 'आपल्या स्थळावर कोणी येत का नाही' असा प्रश्न पडतो, तेव्हा बहुतेक जण मजकुराला दोष देतात. प्रथम ही चौकट पाहावी.

नियोजित लेखांची वेळही तपासावी. वर्डप्रेसमध्ये ठरलेल्या वेळेची कामे कोणीतरी पान उघडल्यावरच तपासली जातात. पहाटे पाचला प्रसिद्ध व्हावी म्हणून लावलेली सूचना, त्या वेळी कोणीही स्थळावर न फिरकल्यास, पहिला वाचक येईपर्यंत थांबून राहते. आणि साठवलेले पान वर्डप्रेसला न जागवताच दिले जात असेल, तर त्यानंतरही थांबते. पहिल्या लाँचने जाणाऱ्यांसाठी ती सूचना असेल तर 'डिसेबल_डब्ल्यूपी_क्रॉन' हे मूल्य 'ट्रू' करून सर्व्हरच्या स्वतःच्या घड्याळाकडून दर काही मिनिटांनी ते काम करवून घ्यावे. कालक्षेत्र 'कोलकाता' निवडलेले आहे ना, हेही पाहावे. ते जागतिक वेळेवर राहून गेल्यास पहाटे पाचची सूचना सकाळी साडेदहाला प्रसिद्ध होते.